पदवी आणि पटांगण

आमच्याकडे दिवाळी लक्ष्मीपूजनाने संपत नाही. पाडव्याला गाईगोधन होते, भाऊबीज होते, आणि मग गावोगाव मंडईचे दिवस सुरू होतात. एका गावची मंडई आज, तर दुसऱ्याची उद्या. दिवसा खेळणी, शिंगाडे नि जिलबीची दुकाने, रात्री दंडार. लेकी माहेरी येतात, पाहुणे मुक्काम करतात, आणि सोयरिकीची बोलणीसुद्धा याच गर्दीत उरकली जातात. बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या अगदी टोकाचे, तुमसर तालुक्यातले गाव. नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश लागतो. त्यामुळे आमच्या मंडईला दोन राज्यांची माणसे असतात आणि कबड्डीच्या सामन्यांना दोन राज्यांचे संघ.

गेल्या वर्षी मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या ओसरीवर आले. मुलगा माझा विद्यार्थी. आता तुमसरच्या महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. चढाईला निघाला की समोरचे सातही जण पाय आवरून उभे राहत, असा त्याचा लौकिक. विद्यापीठाच्या संघातूनही तो खेळून आला होता. त्याला एका व्यावसायिक संघाच्या शिबिराचे बोलावणे आले होते. शिबिर दूरच्या शहरात आणि कित्येक महिन्यांचे. पसंत पडला तर करार. नाही पडला तर परतीचे तिकीट. मधल्या काळात हजेरी बुडणार, परीक्षा बुडणार; म्हणजे महाविद्यालय सुटल्यातच जमा.

वडील म्हणाले, "गुरुजी, तुमीच सांगा जी आता. पोट्टा म्हणते, जातोच. मले तं काई समजत नाही. तुमच्या शब्दाबाहेर तो नाही."

मी मास्तर. मास्तराच्या तोंडी अशा वेळी जे वाक्य आपोआप येते तेच माझ्याही आले. मी म्हटले, "आधी पदवी पुरी कर. खेळ काय, कुठे पळून जातो?"

मुलगा थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग अगदी आदराने, पण सरळ म्हणाला, "गुरुजी, तुमी तं मॅट्रिकच शिकले ना जी?"

वडिलांनी त्याला डोळ्यांनी दटावले. मी हसलो, पण ते हसू मला फार वेळ धरवेना. कारण मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून माझे शिक्षण मॅट्रिकला थांबले. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या होत्या, त्या आधारावर ड्रॉइंग मास्तरची पदविका मिळवली आणि शाळेत लागलो. पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्यांवर बोलायला मला महाविद्यालयांत बोलावतात, तेव्हा ओळख करून देणारे प्राध्यापक माझ्या शिक्षणाविषयीचे वाक्य गडबडीने गिळून टाकतात. पदवी नसल्याने माझे काय अडले, हे मला नेमके सांगता येत नाही. परंतु काही तरी अडले आहे असे मात्र रोज वाटते. मग मी त्या मुलाला दिलेला सल्ला त्याच्यासाठी होता की माझ्यासाठी?

मी दोघांना सांगितले, "दोन दिवस द्या. विचार करून सांगतो." हा लेख म्हणजे त्या दोन दिवसांचा, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरच्या सबंध वर्षाचा विचार आहे.

प्रश्न वरवर साधा दिसतो. शिकण्याचे वय आणि खेळण्याचे वय नेमके एकच आहे. दोन्ही गाड्या एकाच फलाटावर, एकाच वेळी लागतात. कुठल्या गाडीत बसावे? वडीलधारे म्हणतात, विद्या आधी. पण आमच्या भागातला कुठलाही धानकरी या उत्तरावर मान हलवील. पऱ्हे टाकले की साधारण तीन-चार आठवड्यांत रोवणी झाली पाहिजे, हे त्याला पक्के ठाऊक असते. पाऊस लांबला, पऱ्हे वाफ्यातच म्हातारे झाले, की मग चिखल कितीही उत्तम करा, फुटवे धरत नाहीत. शरीराचेही तसेच आहे. बी. ए. तिसाव्या वर्षी करता येते, पन्नासाव्या वर्षीही करता येते. पण पंचविशी उलटल्यावर पहिली चढाई शिकता येत नाही. त्या हिशेबाने पाहिले तर 'खेळ कुठे पळून जातो?' हे माझे वाक्य साफ चुकीचे होते. पळून जातो तो खेळच. पुस्तके जागच्या जागी असतात.

मात्र धानकऱ्याला दुसरीही गोष्ट ठाऊक असते. पऱ्हे फार कोवळे उपटले तर मूळ धरत नाही. तेव्हा 'लवकर' हा शब्द नुसता उच्चारून काही ठरत नाही. मूळ किती धरले आहे, हे उपटणाऱ्याला कळले पाहिजे.

अशा वेळी माणूस दाखले शोधतो. मीही शोधले, आणि महाराष्ट्रात हा शोध एका नावापाशी थांबतोच. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर यांचा धाकटा मुलगा महाविद्यालयाची पायरी न चढताच जगाच्या मैदानावर गेला. १९८८च्या डिसेंबरात, पंधराव्या वर्षी, रणजी सामन्यात पदार्पणातच शतक. १९८९च्या नोव्हेंबरात, सोळाव्या वर्षी, कराचीला पहिला कसोटी सामना. ज्या घराची चूल प्राध्यापकीवर पेटत होती, त्या घरातल्या बापाने मुलाला महाविद्यालय सोडून पटांगण धरू दिले, ही गोष्ट मला शतकांच्या शतकापेक्षा मोठी वाटते. २०१३च्या नोव्हेंबरात वानखेडे मैदानावर निरोप घेताना सचिनने वडिलांची आठवण सांगितली. अकराव्या वर्षी त्यांनी आपल्याला मोकळीक दिली, पण स्वप्नामागे धावताना आडवाटेने जाऊ नकोस असे बजावले, अशा अर्थाचे ते बोलणे होते. बापाने मुलाला घातलेली अट पदवीची नव्हती, चालण्याच्या रीतीची होती.

हा दाखला सांगून मुलाला खुशाल गाडीत बसवता आले असते. पण त्याच पटांगणात दुसरा मुलगाही उभा होता. १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. तेव्हा सचिनच्या होत्या ३२६, आणि विनोद कांबळीच्या त्याहून जास्त, ३४९. शाळा एक, गुरू एक, मैदान एक. कांबळीने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतके ठोकली. आणि १९९५च्या नोव्हेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचा शेवटचा कसोटी सामना झाला. सतरा कसोट्या, सरासरी चौपन्नाच्या वर. असे का झाले हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि कुणाच्या दुःखावर बोधकथा रचण्याची हौसही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की दाखला देताना आपण नेहमी एकच खांब मोजतो आणि त्याच्या शेजारचा झाकून ठेवतो. शिवाय मराठी घरातलाच राहुल द्रविड आहे. आई वास्तुशास्त्राची प्राध्यापिका. मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढच्या अभ्यासक्रमात असताना तो भारताच्या संघात आला. पदवीने त्याचा बचाव लुळा पडला नाही. तेव्हा दाखल्यांच्या पेटीतून ज्याला जे हवे ते निघते. तेंडुलकर हवा त्याला तेंडुलकर, द्रविड हवा त्याला द्रविड.

या प्रश्नाचे पक्के शास्त्र अमेरिकेत झाले आहे. तिथे फुटबॉल म्हणतात त्या खेळात महाविद्यालयातून व्यावसायिक संघांत जाण्याची एक वार्षिक निवड असते, तिला ड्राफ्ट म्हणतात. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय तीत उतरता येत नाही. त्यानंतर पदवी अपुरी टाकून लवकर उतरायचे की राहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. मॉरिस क्लॅरेट नावाच्या गुणी खेळाडूने या तीन वर्षांच्या नियमाविरुद्ध दावा लावला. २००४ साली खालच्या न्यायालयात तो जिंकला, वरच्या न्यायालयात हरला. २००५ साली एका संघाने त्याला निवडले, पण मोसम सुरू होण्याआधीच सोडून दिले. उलट अँड्र्यू लक. २०११ साली तो निवडीत पहिला येणार असे सगळे म्हणत असताना स्टॅनफर्ड विद्यापीठात थांबला, वास्तुरचनेची पदवी पुरी केली आणि २०१२ साली पहिलाच निवडला गेला. दुखापतींनी जेरीस येऊन २०१९ साली, तिशीच्या आत, त्याने खेळ सोडला. आणि २०२४ साली त्याच विद्यापीठाच्या फुटबॉलचा कारभारी होऊन परतला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर 'थांबा' असेच म्हणावेसे वाटते. पण आणखी एक गोष्ट कळली आणि मी सावध झालो. तिथली महाविद्यालये या खेळावर अमाप पैसा मिळवत. मुलांना शिष्यवृत्ती मिळे, परंतु आपल्या नावावर कमाई करण्याची त्यांना २०२१ सालापर्यंत मुभाच नव्हती. म्हणजे 'बाळा, शिक्षण पुरे कर' हे सांगणारा स्वतः त्या मुलाच्या घामावर स्टेडियम भरवीत होता. सल्ला खरा असेल. पण सल्लागाराचा गल्लाही खरा होता.

इथे मला प्रश्नाचे मूळ सापडल्यासारखे वाटले. आपण विचारतो, 'जावे की राहावे?' त्याआधी विचारायला हवे की 'जा' म्हणणाऱ्याला काय मिळणार आहे, आणि 'राहा' म्हणणाऱ्याला काय? व्यावसायिक संघाला कोवळे, स्वस्त, भुकेले रक्त हवे असते. १० जणांना शिबिराला बोलावले तर एक लागतो. नऊ जण परत पाठवायला त्याचे काही जात नाही. महाविद्यालयाला ढाली हव्या असतात. बापाला म्हातारपणाची काठी हवी असते. गावाला दूरचित्रवाणीवर आपले नाव ऐकायचे असते. आणि ड्रॉइंग मास्तरला? त्याला आपल्या हातून निसटलेली पदवी दुसऱ्याच्या हातात पाहायची असते. यांतला एकही जण दुष्ट नाही. पण सल्ला चुकला तर किंमत मोजायला यांतला एकही जण नसतो.

हे मी कोरड्या तर्काने म्हणत नाही. २००३ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तेव्हा असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला मुंबईच्या एका कचेरीच्या संघासाठी चाचणीला बोलावले होते आणि त्याच आठवड्यात बी. ए.ची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. मी छातीठोकपणे सांगितले, "परीक्षा दे. चाचण्या दरवर्षी होतात." त्याने माझे ऐकले. दुसऱ्या वर्गात पास झाला. पुढच्या वर्षी ती जागा भरलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघा गेला. आज तो दोन एकर धान करतो आणि हंगाम नसला की राईस मिलमध्ये पोती उचलतो. पदवीचे प्रमाणपत्र त्याच्या घरात फ्रेम करून लावलेले आहे. ते मी पाहिले आहे. भेटला की तो अजून वाकून नमस्कार करतो. एका शब्दाने कधी त्याने मला दोष दिला नाही. त्याने दिला असता तर बरे झाले असते, असे मला कित्येकदा वाटते.

कादंबरीत हे सोपे असते. पात्र चुकीच्या वाटेने गेले तर लेखक पान फाडतो आणि दुसऱ्या वाटेने पाठवतो. माणसाच्या आयुष्याचे पान मला फाडता येत नाही, आणि तरी मी तोंड उघडतो.

आपल्या परंपरेत अशा पेचासाठी श्रेय आणि प्रेय अशी जोडी आहे. यमाने नचिकेताला ती समजावली. हितकर ते श्रेय, आवडते ते प्रेय. शहाणा माणूस श्रेय निवडतो. आम्ही मास्तर लोक लगेच वाटणी करतो: पदवी म्हणजे श्रेय, खेळ म्हणजे प्रेय. मीही तशी केली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, काळोखात, त्या मुलाला रस्त्यावर धावताना पाहिले. थंडीचे दिवस, अंगात एक फाटकी बनियन, आणि मांडीला दोरीने बांधून ओढत आणलेला ट्रकचा जुना टायर. हाच मुलगा बी. ए.चे पेपर कसे देतो, हे त्यानेच मला सांगितले होते. आदल्या तीन रात्री गाईड वाचायचे, पेपर लिहायचा, विसरायचे. आता यातले सुखाचे, सवयीचे, आडवाटेचे कुठले, आणि कष्टाचे, संयमाचे कुठले? त्या पहाटे मला श्रेय टायर ओढताना दिसले.

असे असेल तर, त्याने जे सोडायचे म्हटले होते ती विद्या होती की नुसते विद्येचे प्रमाणपत्र? विद्या सोडणे हे पाप असेल. प्रमाणपत्र लांबणीवर टाकणे हा व्यवहार आहे. पण व्यवहार म्हणून तरी तो नीट पाहायला हवा. खेळाडूंना आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत. मात्र त्या त्या पदाला लागणारे शिक्षण त्यांच्याकडेही असावे लागते. म्हणजे ज्या दिवशी गुडघा जाईल, त्या दिवशी पुन्हा त्याच कागदाची आठवण येणार.

आणि गुडघा जातोच. कबड्डी हा आता काही मंडईपुरता खेळ राहिलेला नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला तो जगाला दाखवला; १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला जागा मिळाली; आणि २०१४ साली प्रो कबड्डीची लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ साली ती २ कोटी ६० लाखांवर गेली. २०२४च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा गावातल्या पोरांनी रात्री बारा वाजता फटाके उडवले. या आकड्यांनी पोरांचे डोळे दिपतात यात नवल नाही. पण लिलावात पुकारले न गेलेल्या नावांची यादी कुठे छापून येत नाही.

मला शेवटी उत्तर दिले ते कबड्डीनेच. या खेळात चढाई करणारा दम धरून दुसऱ्याच्या अंगणात एकटा जातो. किती जणांना शिवला याला महत्त्व आहे. पण शिवून मध्यरेषेवर परतला नाही तर ते शिवणे फुकट जाते. चांगला चढाईबहाद्दर पुढे पाहत असतो आणि त्याच वेळी मागच्या रेषेचे अंतर त्याच्या पायांना ठाऊक असते. जाऊ नये असे हा खेळ सांगत नाही. जो जातच नाही त्याला गुणच नाही. तो सांगतो की दम संपण्याआधी परतीची रेषा कुठे आहे हे माहीत असू दे.

दोन दिवसांनी बाप-लेक आले. मी 'जा' म्हटले नाही, 'राहा' म्हटले नाही. मुलाला तीन गोष्टी विचारल्या. शिबिराहून रिकाम्या हातांनी परत आलास तर या रस्त्याने दिवसाढवळ्या चालत येशील ना? काळोख पडायची वाट पाहणार नाहीस ना? करार आला तर सही करण्याआधी तो मराठीत समजून घेशील ना, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा हे विचारशील ना? आणि तुझी बहीण यंदा बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे. तुझ्या जाण्याचा खर्च तिच्या फीमधून तर निघत नाही ना?

पहिल्या दोन प्रश्नांना तो 'हो' म्हणाला. तिसऱ्याला गप्प बसला. बाप ओसरीच्या खांबाकडे पाहू लागला. मला कळायचे ते कळले.

पाच मिनिटांनी मुलगाच म्हणाला, "तिचे पैसे तसेच ठेवतो जी. मी धान कापणीले जाईन, मळणीले जाईन. तिकिटाचे होऊन जातील." आणि गेला. महिनाभर दुसऱ्यांच्या बांधीत राबला आणि मग गाडीत बसला. जाण्याआधी मी त्याला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची माहिती काढून दिली. तिथे हजेरीची अडचण नाही. ती त्याने घडी करून खिशात ठेवली. पुढे प्रवेश घेतला की नाही, हे मी अजून विचारलेले नाही. विचारायची फार इच्छा होते. पण ती इच्छा कुणाची, हे आता मी ओळखतो.

वाचकांना पुढे काय झाले हे हवे असणार. दिवाळीच्या अंकात शेवट गोड असावा असा संकेत आहे. पण घडले एवढेच: त्याला एका वर्षाचा करार मिळाला, आणि सबंध मोसम तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. दूरचित्रवाणीवर संघ रांगेत उभा राही तेव्हा शेवटून दुसरा तो दिसे, आणि त्याची आई पडद्याला हात लावी. चढाईला तो एकदाही गेला नाही. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, त्यालाही ठाऊक नाही. बहीण नर्सिंगला गेली आहे. त्याच्या मानधनातला पहिला हप्ता तिच्या वसतिगृहाचा झाला.

मी बरोबर वागलो का? मला माहीत नाही. २००३ सालच्या मुलाला उत्तर देणारा मी खात्रीचा माणूस होतो आणि चुकलो. या वेळी खात्री नव्हती, तेव्हा निदान प्रश्न तरी नीट विचारता आले. तरुणांपुढे आपण वडीलधारे फार लवकर उत्तरे ठेवतो. त्यांना उत्तरांची तेवढी गरज नसते. आपण त्यांच्या जागी उभे नाही याची आठवण ठेवणारा कुणी तरी जवळ असावा, एवढीच गरज असते.

यंदा मंडईला तो दोन दिवसांसाठी आला. भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध चालत आला. कराराप्रमाणे गावच्या संघातून त्याला उतरता येत नव्हते. म्हणून त्याने लहान पोरांकडून फक्कीची बादली घेतली आणि पटांगण आखायला बसला. त्याच्यासोबत दोरीचे दुसरे टोक धरून राईस मिलमधला तो माझा जुना विद्यार्थी होता. दोघांनी दोरी ताणून आधी मध्यरेषा मारली. मी बांधावर उभा होतो. वडील शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, लाईन तं सरळ मारली जी पोट्ट्यानं."

मी म्हटले, "हो जी. सरळ आहे."